पायरी, नारू आणि हापसा



माझ्या आजीच्या उजव्या घोट्यापाशी रुपयाच्या नाण्याएवढा एक पांढुरका, सुरकुतलेला वण होता. लहानपणी तिचे पाय चेपताना मी विचारीत असे, "आजी, हे कशानं झालं गं?" ती म्हणे, "नारू झाला होता रे. तुझा बाप पोटात होता त्या साली." एवढे सांगून ती पदर नीट करी आणि दुसरेच काही बोलू लागे. नारू म्हणजे काय हे मला पुष्कळ वर्षे कळलेच नाही. अलीकडे मी कॉलेजातल्या वर्गात सहज विचारले, "नारू कुणाला ठाऊक आहे?" इतिहासाचा वर्ग असल्यामुळे एक हुशार मुलगी चटकन म्हणाली, "सर, कारू-नारूंतले नारू! बलुतेदार ते कारू आणि अलुतेदार ते नारू." उत्तर अगदी बरोबर होते. पण मी विचारीत होतो तो नारू निराळा. तो पायातून निघत असे, आणि त्याचा पत्ता त्या वर्गात एकालाही नव्हता.

एखादा रोग लोकांच्या आठवणीतूनही इतका पुसला जावा ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तो कसा गेला हेही त्याबरोबर पुसले जाऊ नये, म्हणून आज ही हकीकत सांगावयाची आहे. औषधाने तो गेला नाही. नारूवर औषध नव्हते, लस नव्हती, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असेही नव्हते. गावाने पाणी भरण्याची रीत बदलली म्हणून तो गेला. ती रीत बदलण्याच्या कामी जे एक लोखंडी यंत्र आले, त्याच्या जन्माशी आपल्या जालन्याचा आणि सोलापूरचा फार जवळचा संबंध आहे.

आधी नारूची ओळख करून घेऊ. नारू म्हणजे सुतळीसारखा एक जंत. त्याची मादी दोन-तीन फुटांपर्यंत लांब वाढते, पण जाडीने दोन मिलिमीटरच्या आतच राहते. माणसाच्या कातडीखाली, बहुधा गुडघ्याच्या खालच्या भागात, ती मुक्काम करते. पाण्यातून पोटात गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत सुमारे एक वर्ष जाते. या वर्षात माणसाला काही कळत नाही. तो खातो, पितो, शेतात राबतो. मग एके दिवशी पायावर फोड येतो आणि त्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होऊ लागते. फोड फुटतो आणि आतून पांढरा दोरा डोकावतो. तो ओढून काढता येत नाही. मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग सडतो, पाय सुजतो, पू होतो. म्हणून तो एखाद्या काडीवर गुंडाळावयाचा आणि रोज बोट-दोन बोटे बाहेर घ्यावयाचा. यात आठवडे जात. काडीवर गुंडाळण्याची ही रीत फार जुनी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील वैद्यकाच्या एका लेखातही तिचा उल्लेख असल्याचे अभ्यासक मानतात, आणि तिथल्या एका ममीच्या देहात चुनखडी झालेला नारू सापडलाही आहे. म्हणजे आमची आजी जे सोसत होती, ते माणसाने पिरॅमिडच्या देशातही सोसले होते.

आपल्याकडे नारू वर येण्याचा काळ साधारणपणे उन्हाळ्याची अखेर आणि पावसाळ्याचा आरंभ हा असे. शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची जरुरी नाही. घरचा कर्ता माणूस खाटेवर पडावयाचा तो नेमका पेरणीच्या तोंडावर. वाफसा कोणासाठी थांबत नाही. एका घरात दोघा-तिघांना एकदम नारू झाला की त्या घरची जमीन त्या साली पडीक राहिलीच म्हणून समजा. नारूने माणूस सहसा मरत नसे. कदाचित म्हणूनच सरकारदरबारी त्याची दखल उशिरा घेतली गेली. पटकीने, देवीने माणसे मरत आणि ती कागदावर मोजली जात. नारूने माणूस फक्त आडवा होई, आणि आडवे झालेले माणूस कोणी मोजीत नाही.

आता हा जंत पोटात जाई कसा? इथे आपली बारव येते.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी खाली जाईल तसतसे माणसाने पायऱ्या उतरून त्याच्यापाशी जावे, अशी तिची योजना. वाटसरूजवळ दोर-पोहरा नसला तरी त्याने उतरून ओंजळभर पाणी प्यावे, म्हातारीलाही पाणी शेंदण्याचे कष्ट नकोत, असा पुण्याचा विचार त्यामागे होता. अहिल्याबाई होळकरांनी अनेक ठिकाणी विहिरी आणि बारवा बांधल्या त्या याच विचाराने. सातारजवळच्या लिंब गावची अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आपल्या लोकांनी पाण्याचे काम किती देखणे केले होते हे सांगावयास नको. बारवांचा हा वारसा जपलाच पाहिजे, आणि गेल्या काही वर्षांत गावोगावची तरुण मंडळी बारवांतला गाळ काढीत आहेत याचे मला कौतुक आहे.

(जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. उतरून प्यावे ही सोय होती खरी, पण कोणी उतरावे आणि कोणी वर उभे राहून ओंजळ धरावी, हे पायरीने ठरवले नव्हते, माणसांनी ठरवले होते. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. पाणवठ्याचा इतिहास सांगताना ही पाने गाळून पुढे जाता येत नाही.)

तर नारूच्या दृष्टीने दोष होता तो पायरीत. ज्याच्या पायाला नारूचा फोड आहे त्याच्या पायाची आग होत असते, त्याला पाय पाण्यात बुडवावासा वाटतो. न वाटला तरी घागर भरण्यासाठी त्याला शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभे राहावेच लागते. पाण्याचा स्पर्श होताच मादी दुधासारखा एक ढग सोडते. त्या ढगात लाखो सूक्ष्म पिले असतात. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, एक किडा वळवळत असतो. तो ती पिले गिळतो. दोन आठवड्यांत ती पिले त्याच्या पोटात तयार होतात. मग शेजारीण त्याच पायरीवरून घागर भरून नेते, घरची माणसे ते पाणी पितात, आणि पुढल्या पेरणीला त्यांची पाळी येते. म्हणजे एकाचा पाय आणि दुसऱ्याची घागर एकाच पाण्यात बुडत होती. सगळ्या रोगाचे मूळ एवढेच.

पाण्यातल्या या किड्याचे काम अलेक्सी फेद्चेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० साली मध्य आशियात शोधून काढले. शिक्षक मित्रांनी हे साल ध्यानात ठेवावे. त्यानंतर आपल्या देशातून नारू जाण्यास सव्वाशे वर्षे लागली. कारण कळले, उपायही कळला, मग एवढा विलंब का? कारण "बारवेचे पाणी पिऊ नका" असे सांगणे सोपे आहे. "मग कुठले पिऊ?" या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

कठडा आणि रहाट असलेला आड हे एक उत्तर होते. आडात पोहरा उतरतो, पाय उतरत नाही. पण आड खणावयाचा म्हणजे पैसा आणि मेहनत, त्यातून दख्खनचा काळा पत्थर. चार-सहा पुरुष मुरूम लागतो, मग मांजऱ्या लागतो, मग असा पाषाण लागतो की पहारीचे टोक बोथट होते. उन्हाळ्यात त्या आडालाही खडखडाट. पाणी होते ते त्याहून खोल, खडकाच्या भेगांत.

सन १९६६-६७ मध्ये बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. त्या सुमारास युनिसेफ या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेने आपल्या देशात खडक फोडणारी नव्या तऱ्हेची यंत्रे आणली. दाबलेल्या हवेच्या जोराने आत, थेट भोकाच्या तळाशी, हातोडा चालतो आणि पत्थराचे पीठ होऊन वर उडते. आड खणण्यास महिने लागत, तिथे बोअर एक-दोन दिवसांत होऊ लागली. पुढे १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला, तेव्हा तर बोअरची गाडी गावात आली म्हणजे शाळा सुटत असे, असे आमचे वडील सांगतात. पाण्याचा पहिला फवारा उडाला की लोक नारळ फोडीत आणि भिजून घेत.

आता बोअर तर झाली. वीतभर रुंदीच्या त्या भोकात पोहरा जाणार कसा? म्हणून तोंडावर हातपंप बसवला. त्यालाच आपण हापसा म्हणतो, आणि शब्द मोठा बोलका आहे, हापसावे लागते म्हणून हापसा. पण हे सुरुवातीचे हापसे बिडाचे होते, आणि त्यांचा नमुना युरोप-अमेरिकेतील शेतकऱ्याच्या परसातला होता. तिकडे एका कुटुंबाने दिवसातून पाच-दहा वेळा वापरावयाचे ते यंत्र. इकडे पहाटे चारपासून बायका रांग लावीत आणि रात्रीपर्यंत दांडा थांबत नसे. साऱ्या गावाचे ओझे ते बीड कसे सोसणार? दांडा मोडे, खीळ झिजे, आतली सळई तुटे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा असे आढळले की चारांपैकी तीन हापसे बंद आहेत. एवढा खर्च करून देशभर बोअर मारल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडाशी एक मुके लोखंड उभे!

मग बायका काय करीत? अर्थात घागर घेऊन परत बारवेकडे जात. पंप मोडला तेव्हा नारू गावात परत येत होता. यंत्राची दुरुस्ती आणि माणसाचा पाय यांचा हा संबंध दिल्लीत बसून चटकन ध्यानात येण्यासारखा नव्हता. जालन्यात मात्र तो ध्यानात आला.

जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन होते. मराठवाड्यातील पाण्याची टंचाई पाहून त्या मंडळींनी बोअर मारण्याचे काम हाती घेतले होते, आणि आपण बसवलेले पंप वरचेवर मोडतात हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. त्यांनी त्या पंपाचे दुखणे शोधले. जुन्या पंपाच्या दांड्याला दोन-तीन ठिकाणी सांधे असत. प्रत्येक सांधा झिजला की आतली सळई सरळ वर न येता तिरकी ओढली जाई आणि घासून तुटे. जालन्याच्या मंडळींनी बीड टाकून दिले, पोलादाचा पंप केला, दांड्याला एकच टेकण ठेवले, आणि दांडा व सळई यांच्यामध्ये साखळी घातली. सायकलला असते तशी साखळी! पुढे सोलापूरच्या शोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेने त्या पंपात आणखी सुधारणा केल्या. दांड्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखा एक पोलादी तुकडा दिला आणि साखळी त्यावरून सोडली. दांडा कसाही फिरो, साखळी त्या कोरीवरून सुटून खाली लोंबते ती ओळंब्यासारखी सरळच. टेकणात बॉल बेअरिंगे बसवली. पंपाचा पाया बोअरच्या नळीवर असा घट्ट बसवला की वरचे सांडपाणी फटीतून आत जाऊ नये.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, तरफ शिकवताना मुलांना शाळेजवळच्या हापशापाशी न्या. टेकू कुठे, भार कुठे, बळ कुठे, सारे एका जागी दिसते. दांडा भरीव पोलादाचा आणि जड का केला, हेही विचारा. खोल विहिरीतील सळईचे वजन तोलण्यासाठी तो तसा केला आहे, हे एखादा पोरगा तरी ओळखीलच.

या सोलापुरी पंपावरून, युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या पुढाकाराने, १९७५ ते १९७७ या काळात नवा नमुना सिद्ध झाला. तमिळनाडूत कोइमतूरकडे त्याची कसोटी घेतली आणि मद्रासच्या एका सरकारी कारखान्यात तो तयार होऊ लागला. त्याला नाव दिले इंडिया मार्क टू. नाव इंग्रजी, पण त्याचे कूळ मराठवाड्याचे आणि सोलापूरचे. या नमुन्याचे पेटंट कोणी घेतले नाही, ही मोठी गोष्ट. ज्याला कारखाना काढावयाचा त्याने तो ठरलेल्या मापाने करावा. त्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसे, आणि किंमत आटोक्यात राही. देशात असे लाखो पंप बसले. सुदान, युगांडा, घाना, माली अशा आफ्रिकी देशांतही तो पोहोचला. तिथल्या एखाद्या गावातील बाई आज दांडा हापसते तेव्हा जालना कुठे आहे हे तिला ठाऊक नसेल, आणि जालन्यातल्याही बहुतेकांना हे ठाऊक नसते.

पण चांगला पंप झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. पोलादही झिजते. आतल्या पितळी नळकांड्यात दट्ट्या असतो, त्याला चामड्याची वायसरे असतात. ती खाल्ली गेली की दांडा हलतो आणि पाणी येत नाही. तमिळनाडूने दुरुस्तीची तीन पायऱ्यांची रीत घालून दिली. गावातील एका माणसाने रोज लक्ष ठेवावयाचे, नट-बोल्ट आवळावयाचे, वंगण द्यावयाचे. त्याच्या वर तालुक्याच्या पातळीवर एक फिटर, आणि नळ वर काढण्याचे मोठे काम असेल तर जिल्ह्याची गाडी. कागदावर हे फार सुबक दिसते. प्रत्यक्षात काय होई, ते आमच्या गावचे सांगतो.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन. मे महिना होता. आमच्या आळीचा हापसा बंद पडला. तक्रार गेली, कार्ड गेले, मग एक माणूस तालुक्याला जाऊन आला. कचेरीतून उत्तर मिळाले की गाडी आहे पण ड्रायव्हर रजेवर. ड्रायव्हर आला तेव्हा वायसर संपले होते. तीन आठवडे गेले. माझी आई आणि आळीतल्या बायका बारवेवर जाऊ लागल्या. आजी उंबऱ्यात बसून एवढेच म्हणाली, "पायरीवर पाय बुडवू नका गं." तिने जुन्या लुगड्याचा पदर फाडला, दुहेरी करून घागरीच्या तोंडाला बांधला आणि पाणी गाळूनच आत घेतले. वायसर आले ते माझ्या मुठीत मावेल एवढे होते.

अशाच अनुभवांतून पुढे मार्क थ्री नावाचा पंप निघाला. त्याची उभी नळी एवढी रुंद केली की सगळा नळ वर न उपसता दट्ट्या वरून बाहेर काढता यावा, म्हणजे गावच्या माणसांनाच वायसर बदलता यावे. राजस्थानात उदयपूर, डुंगरपूर, बांसवाडा या आदिवासी भागांत तर बायकांनाच पाना हाती देऊन पंपदुरुस्ती शिकवली गेली. पुरुष आधी हसले, असे सांगतात. मला यात नवल वाटत नाही. पंप बंद पडला तर दोन कोस चालावे लागणार ते बाईला, म्हणून तो लवकर सुरू व्हावा ही निकड तिचीच.

इकडे नारूची मोहीम सुरू झाली होती. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ ते १९९० हे दशक पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी योजले होते. भारताने १९८३-८४ साली नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम घेणारा भारत हा पहिला देश. त्या वेळी सात राज्यांत नारू होता, त्यांत आपला महाराष्ट्रही होता, आणि वर्षाला सुमारे ४०,००० रोगी नोंदले जात होते. मोहिमेत चकचकीत असे काही नव्हते. आरोग्यसेवक ठरावीक महिन्यांत घरोघर जात, नारूचे चित्र दाखवीत, "असे कुणाला झाले आहे का?" म्हणून विचारीत. रोगी सापडला की फोडावर पट्टी बांधीत आणि त्याला पाणवठ्यात उतरू देत नसत. पाण्यात किडा मारणारे औषध मापून टाकीत. पाणी गाळण्यासाठी बारीक जाळीचे कापड वाटीत. नारूच्या गावाला हापसा आधी मिळे. पायऱ्यांच्या विहिरींना भिंत घालून, कठडा बांधून त्यांचे आड केले गेले. आजच्या वारसाप्रेमी माणसाला हे वाचून हळहळ वाटेल, मलाही वाटते, पण त्या गावच्या पायाकडे पाहिले की ती हळहळ आवरती घ्यावी लागते.

देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षे वाट पाहून, शोध करून, फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. साऱ्या जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होता. २०२४ साली तो आफ्रिकेत अवघ्या १५ माणसांत आढळला. अजून तो तिथल्या कुत्र्यांत तग धरून आहे, म्हणून काम संपलेले नाही.

आजीच्या त्या फडक्याविषयी थोडे सांगतो. बांगलादेशात मतलब भागातील खेड्यांत बायकांना जुन्या साडीची घडी करून पाणी गाळण्यास शिकवले, आणि पटकीचे रोगी निम्म्याच्या आसपास घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू अशाच बारीक किड्यांच्या अंगावर चिकटून असतात, म्हणून फडक्याने ते अडतात. अर्थात गाळले म्हणजे उकळण्याची किंवा टी.सी.एल. पावडरीची गरज उरत नाही असे कोणी समजू नये.

हापशाविषयीही असा गैरसमज आहे. जमिनीखालून आले म्हणजे पाणी स्वच्छच असणार! १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक हातपंप होता. त्याचे पाणी गोड म्हणून लोक लांबून येऊन नेत. त्याच पंपाच्या आसपास पटकीने शेकडो माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी कोणाच्या घरचे पाणी कुठून येते याचा माग काढला आणि पंपाचा दांडा काढून टाकावयास लावला. मागाहून कळले की शेजारच्या घराचा मैलाखड्डा त्या विहिरीत झिरपत होता. आता आपल्या गावचा हापसा आठवा. ओटा फुटलेला, भोवती चिखल, डबक्यात डुकरे किंवा म्हशी, दहा पावलांवर उकिरडा, आणि अलीकडे कोणीतरी बांधलेल्या शौचालयाचा खड्डा. शौचालय बांधले हे उत्तमच, पण कुठे बांधले हेही पाहावयास नको काय? गाडगेमहाराजांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. त्यांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा पुष्कळ गावांनी हापशाच्या सांडपाण्याला शोषखड्डे केले. ज्यांनी त्यात नुसते दगड टाकून फोटो काढले, त्यांचे डबके पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तयार झाले. आणि ओट्यापर्यंत स्वच्छ असलेले पाणी घरी माठात आल्यावर आपण त्यात बोटे बुडवून पेला भरतो. शाळेच्या माठावर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा म्हणून आम्हां शिक्षकांना सांगतात, ते एवढ्यासाठीच.

खोल पाण्याचे आणखी एक दुखणे आहे, ते फडक्याने किंवा ओगराळ्याने जात नाही. पश्चिम बंगालमध्ये आणि बांगलादेशात जंतूंपासून सुटका म्हणून कूपनलिका घेतल्या, आणि पुढे त्यांतील पुष्कळ पाण्यात सोमलाचा अंश आढळला. ते पाणी वर्षानुवर्षे पिऊन माणसांच्या अंगावर चट्टे उठले. पाणी एकदा तपासले म्हणजे झाले, असे नसते.

आणि मुळात ते पाणी राहिले पाहिजे. हापशाची बोअर दोनशे फुटांची. तिच्या शेजारच्या मळ्यात कोणी चारशे फुटांची घेतली, विजेची मोटर बसवली आणि ऊस लावला, तर दांडा कितीही हापसा, वर फक्त वारा येतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर परवानगीवाचून घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्राने १९९३ सालीच केला. तो किती गावांत कोणी वाचून दाखवला, हा प्रश्न मी ग्रामसभेत एकदा विचारला होता. सभेत बरीच खोकलाखोकली झाली.

आमच्या गावात आता नळ आले आहेत. घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना २०१९ साली सुरू झाली, त्यात आमच्या आळीलाही तोट्या मिळाल्या. पाणी दिवसाआड येते, कधी चार दिवसांनी. शाळेजवळचा जुना हापसा अजून आहे. नळ आले तेव्हा तो उपटून भंगारात द्यावा असे काहींचे म्हणणे पडले, पण आळीतल्या बायकांनी तो ठेवून घेतला. गेल्या एप्रिलात मोटर जळली आणि आठ दिवस नळ कोरडे होते, तेव्हा पहाटे चार वाजता मला तो ओळखीचा आवाज ऐकू आला, लोखंडावर साखळी सरकल्याचा. मी उठून पाहिले. रांगेत सहा बायका होत्या, आणि सर्वांत पुढे असलेल्या मुलीने कळशीच्या तोंडाला फडके बांधले होते. का बांधलेस म्हणून मी तिला विचारले. ती म्हणाली, "आमच्या घरी बांधतातच, सर."